आफ्रिकेतला हत्तीमासा: ओळखायचा कसा, समजून घ्यायचा कसा

हत्तीमाशाचा फोटो पहिल्यांदा पाहणाऱ्याची नजर थेट त्या लांब सोंडेवर जाते आणि तिथेच अडकते. शेपटीकडे सहसा कुणी बघत नाही. पण हा मासा नेमका ओळखायचा असेल तर सोंड आणि शेपूट दोन्ही नीट बघावी लागतात, आणि तेवढं करूनही ओळख अर्धीच होते. उरलेली अर्धी डोळ्यांना दिसत नाही, कारण ती विजेची आहे.

हा लेख ज्या माशाबद्दल आहे त्याचं शास्त्रीय नाव ग्नॅथोनेमस पीटर्सी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले अल्बर्ट ग्युंथर यांनी १८६२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि बर्लिनचे प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांचं नाव त्याला दिलं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, नायजर नदीपासून काँगोच्या खोऱ्यापर्यंत, संथ आणि गढूळ पाण्यात तो राहतो. दिवसा बुडालेल्या लाकडांखाली किंवा मुळांच्या जाळीत दडून बसतो आणि अंधार पडला की तळाशी खाणं शोधत फिरतो. नदीत तो ३५ सेंटिमीटरपर्यंत वाढल्याची नोंद आहे. टँकमधले मासे बहुधा बरेच लहान राहतात.

ज्या कुळात तो येतो त्या मॉर्मिरिडी कुळात दोनशेहून जास्त जाती आहेत आणि सगळ्या आफ्रिकेच्या गोड्या पाण्यातल्या. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या समुद्रातल्या एका माशालाही हत्तीमासा म्हणतात, पण तो शार्कच्या दूरच्या नात्यातला, हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेला. त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

डोळ्यांनी ओळखताना

आधी सोंडेबद्दल. ती नाक नाही आणि तोंडही नाही. ती हनुवटी आहे. खालच्या जबड्याच्या टोकाला बोटासारखी, हलणारी, मांसल वाढ आहे, आणि तोंड तिच्या मुळाशी, तिच्या वरच्या बाजूला असतं. नाकपुड्या आणखी मागे, डोळ्यांच्या जवळ. आपल्याकडच्या वाम माशाचंही तोंड टोकदार असतं, पण त्याचं ते टोक वरच्या जबड्याचं असतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नळीसारख्या नाकपुड्या असतात. म्हणून कुठल्याही सोंडवाल्या माशाचा फोटो समोर आला की पहिला प्रश्न असा विचारावा: तोंड कुठे आहे?

याच प्रश्नावर निम्मा गोंधळ मिटतो. कँपिलोमॉर्मायरस नावाच्या वंशातल्या माशांनाही लांब, खाली वळलेली सोंड असते, आणि विकणारे त्यांनाही हत्तीमासा म्हणूनच विकतात. पण त्यांचा अख्खा चेहराच नळीसारखा लांबलेला असतो आणि तोंड त्या नळीच्या टोकाला असतं. तोंड टोकाला दिसलं तर तो ग्नॅथोनेमस नव्हे. मार्क्युसेनियस वंशातल्या माशांच्या हनुवटीवर नुसता फुगवटा असतो. पेट्रोसेफॅलसचं डोकं बोथट आणि तोंड खालच्या अंगाला. मॉर्मायरस वंशातल्या माशांचा पाठीवरचा पर मानेपासून जवळजवळ शेपटीपर्यंत लांबच लांब पसरलेला, तर मॉर्मिरॉप्स अँग्विलॉइडीस हा लांबट अंगाचा शिकारी मासा दीड मीटरपर्यंत वाढतो.

ग्नॅथोनेमस पीटर्सीचा रंग गडद तपकिरी ते काळपट. अंग दोन्ही बाजूंनी चपटं. पाठीवरचा पर आणि पोटाखालचा पर दोन्ही बरेच मागे, एकमेकांच्या समोर; त्यातला पोटाखालचा जास्त लांब. या दोन परांच्या मधल्या अंगावर दोन फिकट, किंचित वाकलेल्या उभ्या रेषा असतात आणि त्यांच्यामध्ये काळा पट्टा. फोटोवरून ओळखताना मी या रेषांवर सर्वांत जास्त विसंबतो. हनुवटी जखमी होऊ शकते, तुटूही शकते, पण रेषा जागेवर असतात. त्यांच्या मागे शरीर एकदम अरुंद होतं आणि एका बारीक देठानंतर दोन फाट्यांची शेपूट येते.

तो बारीक देठ साधा नाही. माशाची वीज तिथेच तयार होते.

शेपटीतली वीज

शेपटीच्या देठात स्नायूंच्या पेशींपासूनच उत्क्रांत झालेल्या चकतीसारख्या पेशींच्या चळती आहेत. मेंदूच्या मुळातून हुकूम सुटला की या सगळ्या पेशी एका क्षणी वीज सोडतात. एकेका पेशीचा व्होल्टेज नगण्य असतो, पण चळतीत तो एकावर एक मिळवला जातो आणि काही व्होल्टचा ठोका पाण्यात उमटतो. ठोका एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ टिकतो. विसावलेला मासा सेकंदाला मोजके ठोके देतो. काही नवं समोर आलं की हा वेग कित्येक पटींनी वाढतो. माणसाने पाण्यात हात घातला तरी त्याला काही जाणवत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला ईल भक्ष्याला झटका देतो तशी ही वीज नाही. भक्ष्य मारायला तिचा काही उपयोग नाही.

पण पाण्यात दोन तारा सोडून त्या एका साध्या ऑडिओ ॲम्प्लिफायरला जोडल्या की स्पीकरमधून टक्, टक्-टक्, टक् असा आवाज ऐकू येतो. मासा पाइपात पडून असला की आवाज विरळ, अनियमित. टँकमध्ये अनोळखी वस्तू सोडली की तेच ठोके एकदम दाट होतात, जवळपास घरघर व्हावी इतके. मासा जागचा हललेला नसतो, फक्त त्याचं लक्ष तिकडे गेलेलं असतं. एखाद्या प्राण्याचं लक्ष इतक्या थेटपणे ऐकायला मिळण्याच्या जागा फार थोड्या आहेत, म्हणून मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना हा मासा इतका आवडतो.

चार्ल्स डार्विन यांना माशांमधल्या विजेच्या अवयवांनी अडचणीत टाकलं होतं. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या १८५९ च्या ग्रंथात त्यांनी हे अवयव आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांतापुढची खास अडचण म्हणून नोंदवले आहेत. झटका देण्याइतकी वीज उपयोगाची, हे कुणालाही कळतं; पण तिथवर पोचण्याआधीच्या दुबळ्या विजेचा माशाला काय फायदा? उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. केंब्रिजचे हान्स लिसमान यांचं लक्ष गिमनार्कस या नाईल आणि पश्चिम आफ्रिकेतल्या माशाकडे गेलं. तो हत्तीमाशाचा जवळचा नातेवाईक. मागे मागे पोहतानाही तो कशावर आपटत नाही. १९५१ साली लिसमान यांनी दाखवून दिलं की त्याच्या शेपटीतून सतत दुबळी वीज बाहेर पडते. १९५८ साली केनेथ मॅकिन यांच्याबरोबर त्यांनी पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. दिसायला सारख्याच सच्छिद्र मातीच्या नळ्या घेतल्या. एकीत टँकचंच पाणी, दुसरीत काचेची कांडी. बाहेरून फरक ना दिसायचा, ना वासाने कळायचा. माशाने तो ओळखला, कारण काच वीज वाहू देत नाही आणि पाणी देतं.

वीज वापरून बघणं

याला विद्युत-स्थाननिर्धारण म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट नाही. ठोका दिला की माशाभोवती विजेचं क्षेत्र पसरतं आणि ते त्याच्याच कातडीतून परत आत शिरतं. जवळ धातू असला तर प्रवाह त्याच्याकडे ओढला जातो आणि त्या बाजूच्या कातडीवर जास्त वीज पडते. दगड किंवा प्लॅस्टिक असलं तर प्रवाह त्याला वळसा घालतो आणि तिथे कमी पडते. म्हणजे प्रत्येक वस्तू माशाच्या कातडीवर आपली एक विजेची सावली टाकते. वटवाघळाला प्रतिध्वनी परत यायची वाट पाहावी लागते. इथे वाट बघणं नाही, क्षेत्र ज्या क्षणी उमटतं त्याच क्षणी बिघडलेलं असतं.

सजीव वस्तूंच्या बाबतीत आणखी एक खूण मिळते. अळी, मासा, पाण्यातलं झाड यांच्या पेशींची पटलं थोडा विद्युतभार साठवतात आणि त्यामुळे ठोक्याचा नुसता जोर नाही, आकारही किंचित बदलतो. हत्तीमाशाच्या कातडीतल्या मॉर्मिरोमास्ट नावाच्या संवेदकांत दोन प्रकारच्या पेशी आहेत. एक जोर मोजते, दुसरी आकारातला बदलही टिपते. दोन्हींची तुलना केली की जिवंत काय आणि निर्जीव काय, हे अंधारात कळतं.

आता हनुवटीकडे परत जाऊ. हे संवेदक अंगभर आहेत, पण हनुवटीवर सर्वांत दाट. रात्री खाणं शोधताना मासा डोकं खाली करून तिरपा होतो आणि हनुवटी वाळूच्या अगदी जवळून डावी-उजवीकडे झरझर फिरवत पुढे सरकतो. वाळूत गाडलेली अळी त्या फेऱ्यात आली की हनुवटी तिथेच थबकते, एकदोनदा त्याच जागेवरून फिरते, आणि पुढच्या क्षणी तोंड खाली येऊन अळी ओढून घेतलेली असते. आपल्या डोळ्यातल्या पडद्यावर सर्वांत स्पष्ट दिसणारा जो बारीक ठिपका आहे, त्याचं काम विजेच्या बाबतीत ही हनुवटी करते.

अंतर कळतं कसं, हा प्रश्न अभ्यासकांना बराच काळ छळत होता. लहान वस्तू जवळ असली आणि मोठी वस्तू लांब असली, तर दोन्हींची सावली सारखीच जोरदार असू शकते. मग? जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाचे गेरहार्ड फॉन डेर एमडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की मासा सावलीची कड बघतो. जवळच्या वस्तूच्या सावलीची कड तीव्र, लांबच्या वस्तूची पसरट. कडेचा उतार आणि सावलीचा जोर यांचं गुणोत्तर वस्तूच्या आकारमानावर फारसं अवलंबून नसतं, अंतरावर असतं. याला अपवाद गोल गोळ्यांचा: त्यांची कड मुळातच पसरट असल्यामुळे गोळा आहे त्यापेक्षा लांब आहे असं माशाला वाटतं. नजरबंदीसारखी ही विजेची फसगत हिशोबात बसते, आणि म्हणूनच हा खुलासा मला पक्का वाटतो. एखादी रीत कुठे चुकते हे आधीच सांगता आलं आणि ती तिथेच चुकली, तर रीत बरोबर पकडली असं म्हणता येतं.

या दृष्टीचा पल्ला मात्र जेमतेम वीतभर आहे. त्यापलीकडे डोळे. गढूळ पाण्यातल्या माशाचे डोळे निकामी असतील असं बरेच जण धरून चालतात, आणि इथे तसं नाही. २०१२ साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या माशाच्या दृष्टिपटलाची रचना उलगडली. प्रकाशग्राही पेशी पेल्यांसारख्या खळग्यांमध्ये गटागटाने बसवलेल्या आहेत आणि खळग्यांच्या भिंती ग्वानिनच्या स्फटिकांच्या, म्हणजे आरशासारख्या. मंद प्रकाश त्या आरशांनी गोळा होतो. बारीकसारीक तपशील यात हरवतात, पण तोही फायदाच ठरतो: पाण्यात तरंगणारा कचरा, बुडबुडे यांनी हे डोळे गोंधळत नाहीत आणि अंगावर येणारा मोठा मासा तेवढा नेमका दिसतो. २०१६ साली आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. एखाद्या वस्तूचा आकार माशाने फक्त विजेने शिकला असला तरी पुढे तोच आकार तो नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, आणि उलटही. म्हणजे त्याच्या डोक्यात वस्तूची एकच प्रतिमा तयार होते, मग माहिती कुठूनही येवो.

आपला ठोका कोणता, दुसऱ्याचा कोणता

एक अडचण अजून बाकी आहे. मासा स्वतः ठोके देतो, शेजारचे मासेही देतात. आपलाच ठोका ऐकून दचकायचं नसेल तर आपला आणि परका यांतला फरक कळायला हवा. यासाठी मेंदू शेपटीला हुकूम देताना त्या हुकमाची एक प्रत स्वतःच्याच संवेदना वाचणाऱ्या भागांना पाठवतो: आता जे येईल ते आपलं आहे. आपण स्वतःच स्वतःला गुदगुल्या केल्या तर होत नाहीत, त्यामागेही हीच यंत्रणा आहे.

या प्रतीचा उपयोग हत्तीमासा जागा बघून वेगवेगळा करतो. क्नॉलेनऑर्गन नावाचे संवेदक फक्त दुसऱ्यांचे ठोके ऐकण्यासाठी आहेत. तिथे ही प्रत पोचली की तेवढ्या क्षणापुरता तो मार्ग बंद केला जातो. मॉर्मिरोमास्टच्या मार्गात नेमकं उलट घडतं: आपल्या ठोक्याचीच तर माहिती हवी आहे, म्हणून तिथे प्रत पोचली की दार उघडतं. तिसऱ्या प्रकारचे, अँप्युलरी संवेदक, भक्ष्याच्या शरीरातून आपोआप बाहेर पडणारी अत्यंत क्षीण वीज टिपतात. तिथे आपल्या ठोक्याचा गोंगाट वजा करावा लागतो.

ही वजाबाकी शिकलेली असते. अमेरिकेतले कर्टिस बेल यांनी १९८१ साली हे ज्या पद्धतीने दाखवलं ती समजून घेण्यासारखी आहे. क्युरारी या विषाने माशाचे स्नायू शिथिल केले की शेपटीतला अवयवही गप्प होतो, पण मेंदू हुकूम देतच राहतो. बेल यांनी प्रत्येक हुकमाच्या वेळी बाहेरून विजेचा एक कृत्रिम संकेत दिला. काही मिनिटं असं चालल्यावर संकेत बंद केला. आता नुसत्या हुकमाबरोबर मेंदूतल्या पेशींनी जे उत्तर दिलं ते त्या संकेताच्या बरोबर उलटं होतं. मेंदूने काय येणार याचा अंदाज बांधला होता आणि तो वजा करायची तयारीही करून ठेवली होती.

एवढा हिशोब करायला मेंदूही तसाच लागतो. या माशाचा मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे ३ टक्के आहे. माणसाचा साधारण २ टक्के. त्यातही अनुमस्तिष्क, म्हणजे मेंदूचा मागचा छोटा भाग, इतकं वाढलेलं आहे की त्याने बाकीचा मेंदू झाकून टाकला आहे. १९९६ साली गोरान निल्सन यांनी मोजून दाखवलं की शरीर वापरत असलेल्या ऑक्सिजनपैकी जवळपास ६० टक्के एकटा मेंदू खातो. माणसात हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असतं. थंड रक्ताच्या या प्राण्याचं बाकीचं शरीर काटकसरीने चालतं आणि मेंदू मात्र अखंड कामाला लागलेला असतो.

जात ठोक्यावरून

आता सुरुवातीला म्हटलेल्या अर्ध्या ओळखीकडे येऊ. विजेच्या संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर बघितलं तर ठोक्याला आकार असतो: आधी वर मग खाली, किंवा तीन टप्प्यांचा, लांब किंवा आखूड. हा आकार जातीनुसार ठरलेला असतो. काही जातींत तो मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात संपतो, तर कँपिलोमॉर्मायरसच्या काही जातींत त्याच्या कित्येक पट लांबतो. ठोक्यांमधली अंतरं बदलून मासा त्या वेळी काय करतो आहे हे सांगतो, आणि ठोक्याचा आकार मात्र तो कोण आहे हे सांगतो.

अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल हॉपकिन्स यांनी मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉन देशात, इव्हिंदो नदीच्या परिसरात वर्षानुवर्षं हे ठोके नोंदवले. तिथे पॅरामॉर्मिरॉप्स वंशातले असे मासे आहेत की हातात घेऊन बघितले तर जवळपास सारखे, आणि ठोके मात्र अगदी वेगळे. जनुकांची तपासणीही यातल्या अनेकांना वेगळं धरते. १९८१ साली हॉपकिन्स आणि अँड्र्यू बास यांनी पाण्यात इलेक्ट्रोड ठेवून माद्यांच्या ठोक्यांची नक्कल वाजवली तेव्हा नरांनी ओळखून प्रतिसाद दिला. त्यातल्या वारंवारता तशाच ठेवून आकार बिघडवला की प्रतिसाद ओसरायचा. म्हणजे जोडीदार निवडताना मासे जी खूण वापरतात तीच आता वर्गीकरण करणारेही वापरतात. अशा सगळ्या जातींना अजून शास्त्रीय नावं मिळालेली नाहीत. जुन्या संग्रहालयांतल्या बाटल्यांमधल्या माशांची अडचण यावरून लक्षात येईल: मेलेल्या माशाला ठोका नसतो.

या कुळाशी माणसाची ओळख मात्र फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांवरच्या कोरीव कामात मॉर्मायरस स्पष्ट ओळखू येतो. ज्या ऑक्सिरिंकस गावाच्या उकिरड्यांत १८९६ पासून हजारो पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची जुनी लिखाणं, सापडले, त्या गावाला हे नाव याच टोकदार तोंडाच्या, तिथे पवित्र मानलेल्या माशावरून पडलं. आपल्याशीही दूरचं नातं आहे. आपल्या नद्या-धरणांत मिळणारा चालट, म्हणजे नोटोप्टेरस, याच गणातला. गंमत अशी की चालटाच्या आफ्रिकेतल्या भाईबंदांना पाण्यातली क्षीण वीज जाणवते आणि आशियातल्या चालटाला ती जाणवत नाही.

पाळायचा असेल तर

आपल्याकडेही मोठ्या शहरांतले हौशी लोक हा मासा आणतात. टँकमध्ये त्याची पैदास जवळपास होतच नाही, त्यामुळे विकायला येणारे मासे नदीतून पकडलेलेच असतात हे आधी लक्षात घ्यावं. तळाला मऊ वाळूच हवी. टोकदार खडीवर हनुवटी सोलवटते, आणि हनुवटी गेली की खाणं शोधायचं साधन गेलं. उजेड मंद, लपायला पाइप किंवा लाकूड. खाणं दिवे बंद झाल्यावर द्यावं, ब्लडवर्म नावाच्या लाल अळ्यांसारखं, आणि सोबत चपळ, हावरे मासे ठेवू नयेत, नाहीतर याच्यापर्यंत काही पोचत नाही. पाण्यात मीठ टाकायची सवय इथे नको. मिठाने पाण्याची वाहकता वाढते आणि विजेचा पल्ला घटतो. बऱ्याच औषधांनाही हा मासा नाजूक आहे. पाणी बिघडलं की त्याच्या ठोक्यांची लय बदलते, इतकी की जर्मनीत पिण्याच्या पाण्यावर पहारा ठेवायला याच माशांचा वापर झाला आहे.

एक ठेवायचा की अनेक, हा प्रश्न हमखास येतो. लहान टँकमध्ये दोन ठेवले की मोठा धाकट्याला जगू देत नाही. म्हणून बहुतेक जण एकटाच ठेवतात. पण नदीत हे मासे अनेकदा घोळक्याने असतात, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या फेदेरिको पेद्राहा आणि नॅथॅनिएल सॉटेल यांनी २०२४ साली 'नेचर' या संशोधनपत्रिकेत दाखवलं की शेजाऱ्याने दिलेल्या ठोक्यांवरूनही यांचा मेंदू आजूबाजूच्या वस्तू टिपू शकतो. त्यामुळे घोळक्यातल्या माशाचा पल्ला एकट्यापेक्षा बराच वाढतो. घोळका सुखाने राहील एवढा मोठा टँक घरात बसत नसेल तर हा मासा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.